बांधाच्या अलीकडे, पलीकडे

"काटा परत शून्यावर आणा," सून म्हणाली. नवऱ्याने आणला. पुन्हा तेच. बांधाच्या अलीकडचं भात आणि पलीकडचं भात, वजनात उन्नीस-बीसचाही फरक नाही. तिने दोन्हीकडचे दाणे तळहातावर चोळून हुंगले. वासही तितकाच गोड.

सुवासिक भाताच्या पानांवर जस्त आणि बोरॉन फवारलं तर दाणा नीट भरतो, वासही टिकतो, असं ती या घरात आल्यापासून सांगत होती. सासरे हसायचे. जेवण अंगाला चोळून कुणाचं पोट भरतं होय, म्हणायचे. तरी सुनेचं मन मोडवेना, म्हणून त्यांनी शेत दिलं. अलीकडे ती औषध फवारणार, पलीकडे सासरे नुसतं पाणी. म्हणजे फरक पडलाच तर तो औषधाचा. पाठीवर पंप चढवताना दर खेपेला ते म्हणायचे, "चला, भाताला आंघोळ घालून येतो."

आता थोड्या वेळात शेजारचे शेतकरी निकाल ऐकायला खळ्यावर येणार होते. तिच्या शब्दावर ते पुढच्या हंगामाचं ठरवणार होते.

"त्यांना सांगते, फवारणीचा उपयोग नाही," ती म्हणाली.

सासऱ्यांना चिडवायची आयती संधी होती. पण ते मान खाली घालून सुपातले खडे वेचत राहिले. सुपात खडे नव्हतेच. सासूबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"सांगताय, की मी सांगू?"

सासरे खाकरले. "पहिल्या खेपेला पाणीच मारलं, खरंच. पण मग तुझ्याकडची पानं तरारली, आणि माझ्याकडे पानांवरचे तांबूस ठिपके तसेच. एका लेकीला पोटभर वाढायचं आणि दुसरीला पाणी पाजून निजवायचं. नाही बघवलं गं."

"मग, बाबा?"

"मग पंपात तुझ्या औषधाच्या डब्यातली पावडर टाकली. तुला कमी दिसू नये म्हणून नवी आणून डबा भरून ठेवला."

हंगामभराचा प्रयोग मातीत गेला होता, आणि सुनेला हसू आवरेना. बाहेर शेजाऱ्यांच्या चपला वाजल्या. सासऱ्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"पुढच्या वर्षी नुसतं पाणी मारायला दुसऱ्या कुणाचं शेत बघ," ते हळूच म्हणाले. "आपल्यात नको."