कादंबरी चालू होतेय

“हे बघ, अजून गोलच फिरतंय,” म्हणत भावोजींनी चष्मा काढून टेबलावर आपटला. “तोवर माझी प्रतिभा काय इथं ताटकळत बसणार आहे?”

मेहुण्यानं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. पांढरे ठिपके एकामागून एक फिरत होते, जेवणानंतर शतपावली घालावी तसे निवांत. बटण दाबल्यावर ताईनं चहा टाकला होता. तो उकळला, गाळला, पिऊन झाला, कपही विसळून झाले. ठिपके आपले चाललेच होते.

मेहुणा एका मोठ्या इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळायचा. असलं रडतराऊत मशीन सख्ख्या बहिणीच्या घरात असावं, याची त्याला लाज वाटायची. “रविवारी येऊन बघतो,” म्हणाला तेव्हा ताई म्हणाली होती, “कशाला रे सुट्टी वाया घालवतोस?” आणि भावोजी म्हणाले होते, “चाललंय ते चालू दे.” भिडस्त आहेत बिचारी, असं समजून तो सकाळीच येऊन थडकला होता.

कामही तसं निकडीचं होतं. निवृत्त झाल्यावर भावोजी दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. दाढी नाही, बोलणं नाही, वाढलं तर जेवायचे. मग एके दिवशी उठून बसले आणि म्हणाले, मी कादंबरी लिहिणार. तेव्हापासून जरा माणसात आले. रोज अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसत. मशीन चालू होईपर्यंत आज नायक काय करणार ते ताईला हातवारे करून सांगत. चालू झालं की कपाळावर हात मारत, “गेलं! सुचलेलं सगळं गेलं!” आणि मशीनला शिव्या हासडत जेवायला उठत. असंच चाललं तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे वळायचा, अशी मेहुण्याला धास्ती होती.

“कादंबरी कुठवर आलीय?” त्यानं विचारलं.

“डोक्यात पूर्ण आहे. नुसती उतरवायची राहिलीय.”

दुपारी भावोजी जरा आडवे झाले आणि मेहुण्यानं बाह्या सरसावल्या. मशीन उठताक्षणी आपोआप काय काय सुरू होतं ते उघडून पाहिलं, तर त्याला घामच फुटला. एक हवामान सांगणारं. एक बुद्धिबळाचं. एक रेडिओ. एक परदेशी भाषा शिकवणारं. एक बाळाच्या लसीची आठवण करून देणारं. आणि या घरातलं बाळ तर केव्हाच नोकरीला लागलेलं! वर तीन-तीन अँटीव्हायरस. एका स्वयंपाकघरात तीन जावा. एकमेकींच्या हातातलं उलथनं ओढण्यातच त्यांची सकाळ जात होती, मग स्वयंपाक कसला व्हायचा?

त्यानं सगळ्यांना बाहेरची वाट दाखवली. बटण दाबलं. जांभई पुरी होण्याच्या आत मशीन हजर!

“भावोजी, या! लिहा आता पोटभर!”

भावोजी डोळे चोळत आले आणि बसले. समोर कोरं पान. कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती.

“इतक्यात झालं?” त्यांनी विचारलं.

त्यांनी बोटं कीबोर्डवर ठेवली. उचलली. परत ठेवली. ‘मी’ एवढं लिहिलं, थोडा वेळ बघत राहिले आणि खोडलं. मग उठले, सदरा काढून खुंटीला अडकवला आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

ताईनं मेहुण्याचं मनगट धरलं आणि त्याला फरफटत स्वयंपाकघरात नेलं.

“होतं तसं कर. आत्ताच्या आत्ता.”

“अगं, काय बोलतेस? केवढा उकिरडा साचला होता त्यात! आणि भावोजींना तर धड माऊस धरता येत नाही. घातला कोणी हा सगळा?”

“मी.”

“तू? कशाला?”

“त्यांना नाचता येत नाही, ते मला दिसत नाही का रे?” ताईचे डोळे भरून आले होते. “म्हणून तर मी अंगण वाकडं करून ठेवलंय. आणि हे त्यांना कळता कामा नये, सांगून ठेवते.”

मेहुण्याला रागही आला आणि गलबलूनही आलं. जन्मभर त्यानं आजारी मशिनं बरी केली होती. धडधाकट मशीन अंथरुणाला खिळवायची वेळ पहिल्यांदाच आली होती. तो परत मशीनसमोर जाऊन बसला. रेडिओ परत आला. हवामान आलं. बाळाच्या लसी आल्या. तिघी जावाही पदर खोचून आल्या. बुद्धिबळ आणि परदेशी भाषा मात्र परत घालायला त्याचा हात धजेना.

“भावोजी,” त्यानं खोलीच्या दाराशी जाऊन सांगितलं, “घोळ झाला हो. परत रखडायला लागलंय.”

आत पलंग करकरला. भावोजी सदऱ्याची बटणं लावतच बाहेर आले, खुर्चीत टेकले आणि त्यांनी आपल्या हातानं बटण दाबलं. ठिपके फिरायला लागले तसा त्यांचा चेहरा खुलला.

“अरेरे!” ते स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले. “तुझ्यासारख्या तज्ज्ञानंही हात टेकले? धन्य आहे बाबा या मशीनची!”

आत भांड्यांचा आवाज सुरू झाला. ताई चहा टाकत होती. पण आधण यायच्या आतच ठिपके थांबले आणि पडद्यावर कोरं पान उभं राहिलं. भावोजींनी हळूच स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मेहुण्याच्या कानाशी वाकले.

“अजून जरा रखडव रे. तुझ्या ताईनं केलं होतं, तेव्हा याहून बरं जमलं होतं.”