मागची गाठ

वन्संनी उशीच्या अभ्र्यातून माळ बाहेर काढली आणि धावपट्टीजवळच्या शेडमधल्या बायका एकदम पुढे सरकल्या. माळ कसली, पिवळ्या पुपू शंखांचा जाड पेडच होता तो. तांदळाच्या दाण्याएवढे शंख, पदरावर पदर, आणि सगळे पदर मागे एका गाठीत बांधलेले.

"अगं बाई!" रुताकाकी हळूच म्हणाल्या. "किती वर्षांचं काम हे!"

अकाईती खांबाला टेकून उभी होती. तिच्या रुमालात एकच पदर होता. तिने तो रुमाल फ्रॉकच्या खिशात खोल कोंबला.

आज जिला निरोप द्यायला सगळ्या जमल्या होत्या, ती तेरेपाई अकाईतीच्या पोटची. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, उपोकोइनाला, मूल नव्हतं. पहिलं बाळ तिला द्यायचं हे लग्नातच ठरल्यासारखं होतं. मांगाइया बेटावर घरोघरी अशी मुलं वाढतात, त्याचं कुणी काही मोठं करत नाही. अकाईतीनेही केलं नाही. अंगावरचं दूध सुटलं तसं तिने बाळ दुपट्यात गुंडाळून वन्संच्या ओटीत घातलं. पोर वन्संना आई म्हणायला लागली आणि तिला मामी.

त्यानंतर हात रिकामे राहिले की तिला सोसायचं नाही. मग पाऊस पडून गेला की ती पहाटे रानात जायची. ओल्या पाल्यातून पुपू, म्हणजे त्या बारक्या रानगोगलगाई, वेचायची. मोठे तेवढे घ्यायची, लहान पुन्हा पाल्यावर ठेवायची. उकळून त्यांचं काळं साल गेलं की उन्हात वाळवायची आणि दारात बसून एकेक टोचायची. सुईच्या टोकापलीकडे काही दिसायचं नाही, तेवढाच जिवाला आराम. ती डावखुरी. बाकीच्या बायका शंखाच्या उजव्या अंगाला भोक पाडत, ती डाव्या. त्यामुळे तिच्या माळेतले शंख तोंड फिरवून बसत. "अकाईतीचे शंख रुसलेले," असं रुताकाकी म्हणायच्या आणि सगळ्या हसायच्या.

दर वाढदिवसाला ती तेरेपाईसाठी एक माळ पाठवायची. वन्सं ती हातात घेऊन "छान झालीय गं" म्हणायच्या. पोरीच्या गळ्यात मात्र ती माळ कधी दिसली नाही. ना रविवारी चर्चमध्ये, ना शाळेच्या नाचात. पाहुण्यांना वाटून टाकत असतील, दुसरं काय. संध्याकाळच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की अकाईतीचे ओठ आपोआप मिटायचे. देवासमोर खोटं कसं बोलायचं?

आज पोर ऑकलंडला शिकायला निघाली होती. त्या थंड गावात ती जे गळ्यात घालून उतरेल, ते तिच्या आईचं. एका गळ्यात मावतं तेवढंच मावतं.

वन्संनी फुलांचे हार बाजूला सारून तो पेड तेरेपाईच्या गळ्यात घातला. पोर उजळून निघाली.

"अकाईती, जवळ येऊन बघ तरी," रुताकाकी म्हणाल्या.

"दिसतंय की इथून." अकाईतीचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "जाडजूड आहे, झालं. पदर सरळ पडत नाहीत. थरथरत्या हातानं टोचलंय कुणीतरी."

कुणीच हसलं नाही. रुताकाकी खाली जमिनीकडे बघायला लागल्या.

"हो," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "सगळ्यात आतला पदर तसाच आहे. त्या वर्षी हात थरथरतच होता. ये आता पुढे. तुझी माळ राहिलीय."

समुद्राच्या बाजूने विमानाची घरघर ऐकू आली. अकाईती पुढे झाली. तेरेपाईने मान खाली वाकवली.

"मामी, लवकर घाल. नाहीतर मी रडेन आणि वैमानिक म्हणेल, सामानाचं वजन वाढलं."

शंख अकाईतीच्या डोळ्यांसमोर आले. आतल्या पदरातली भोकं खरंच वाकडी होती. एका शंखाला चीर गेलेली. आणि सगळे शंख तोंड फिरवून बसले होते. तिने दुसरा पदर उचलला. तेही रुसलेले. तिसराही. त्याच्या बाहेरचाही.

"वन्सं, हे तर…"

"पहिली माळ हिनं रांगताना ओढून तोडली. चटईखालून, कोंबड्यांच्या पायांतून, दिवसभर शंख वेचत होते मी. मग धास्तीच घेतली. पुढच्या सगळ्या लपवून ठेवल्या." वन्संनी पोरीच्या मानेवरचे केस बाजूला केले. "आणि खरं सांगू? हिनं तुझी माळ घातली की हिचं तोंड अगदी तुझ्यासारखं दिसायचं. मला नाही बघवायचं गं."

विमान उतरलं. धूळ शेडमध्ये शिरली, बायकांनी डोळ्यांवर हात धरले. अकाईतीने खिशातून रुमाल काढला. पेडाच्या मागे दोऱ्याची दोन टोकं मोकळी सोडलेली होती, एका पदराची जागा ठेवून. तिने आपला पदर तिथे लावला, पण गाठ काही बसेना.

वन्संनी तिच्या हातातून टोकं घेतली आणि घट्ट आवळली.

एवढ्या मोठ्या पेडात वन्संचं काही असलं, तर ती मागची गाठ तेवढी.