लुगर की थ्री-नॉट-थ्री

"टॉमी गनपुढे तुमच्या दोघांचंही सामान म्हणजे खेळणं हाये," बाबाराव म्हणाले आणि पोह्यांवर आणखी तर्री ओतून घेतली. "एका मिनिटात सातशे गोळ्या. बोला आता."



मनीषनगरमधल्या देवरावांच्या फ्लॅटमध्ये हे तिघे अकरा वर्षं दर रविवारी सकाळी जमत होते. दुसऱ्या महायुद्धातलं सगळ्यात चांगलं हत्यार कोणतं, हा एकच विषय. बाबारावांचं वाडीला गोदाम होतं आणि आवाजही गोदामाएवढाच. देवराव निवृत्त इंजिनियर. त्यांचा जीव लुगर या जर्मन पिस्तुलात. कृष्णकांत कॉलेजचे ग्रंथपाल होते. थ्री-नॉट-थ्री रायफलीवर मिळेल ते सारं त्यांनी वाचलं होतं. हातात मात्र फुगे फोडायची बंदूकसुद्धा कधी धरली नव्हती.

आज त्यांच्या हातातली पोह्यांची बशी तशीच भरलेली होती. पोलिसांना निनावी पत्र टाकून नऊ दिवस झाले होते.

गेल्या महिन्यात देवराव सहज बोलून गेले होते, "लुगरच्या मॅगझिनमध्ये आठवी गोळी घालतानी अंगठ्याचं नख दुखते. पावसाळ्यात तर जास्तच."

नखाचं पुस्तकांत होतं. पावसाळ्याचं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ज्याच्या कपाटात लुगर आहे, त्यालाच ते ठाऊक असणार. कृष्णकांतांना ते लागलं. मागे पडू नये म्हणून त्यांनीही लगेच ठोकून दिलं, "आणि मे महिन्यात थ्री-नॉट-थ्रीची मागची पितळी पट्टी खांद्याला कसा चटका देते!" देवराव त्यांच्याकडे बघतच राहिले होते.

काही दिवस ते मनात सलत राहिलं, आणि मग एका रात्री कृष्णकांतांनी पत्र लिहिलं. विनापरवाना हत्यार धोक्याचं, कळवणं आपलं कर्तव्य, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण लिहिताना मनात कर्तव्य नव्हतं. आपल्याकडे नुसती पुस्तकं आणि याच्याकडे खरं आहे, एवढंच होतं. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज झाला, तेव्हाच हात घालून ते परत काढावंसं त्यांना वाटलं होतं. हात मनगटाच्या पुढे जात नव्हता.

"सर, तुम्ही काहून गप्प?" बाबाराव म्हणाले. "भांडा न देवरावशी."

"भांडाचं काय त्यात?" देवराव म्हणाले. "थ्री-नॉट-थ्रीच चांगली. मी मानलं."

बाबारावांचा घास अडला. "काय गा, तब्येत बरी हाये न? अकरा वर्षांत पहिल्यांदा हरून राहिला तू."

"चुकते माणूस." देवरावांनी स्वतःच्या हातानं कृष्णकांतांच्या बशीत आणखी पोहे घातले. "घ्या जी. तुम्ही काहीच खाल्लं नाही. तारावहिनीचं बीपी कसं आहे? घरी एकट्याच असतीन त्या?"

"हो, एकटीच आहे."

देवरावांनी मान हलवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

कृष्णकांत बशीतले पोहे नुसते चिवडत राहिले. हा माणूस आपली बशी भरतोय, आपल्या बायकोची चौकशी करतोय. आणि आज नाही तर उद्या याच्या दारात जीप उभी राहणार. सोसायटीतली माणसं गॅलरीत येऊन बघणार. सगळं आपल्यामुळे.

बाबारावांचा फोन वाजला. वाडीला कुठला तरी ट्रक अडकला होता. ते ओरडत ओरडत गॅलरीत गेले आणि खोलीत दोघेच उरले.

"देवराव," कृष्णकांत हळूच म्हणाले, "ते लुगर आजच्या आज जमा करून टाका. माझ्या ओळखीचा वकील आहे. मी येतो सोबत."

"कोणतं लुगर?"

"तुमचं. पावसाळ्यात नख दुखतं म्हणालात, ते."

देवराव हसले, पण हसू ओठांवरच थांबलं. "ते होय? अहो, थाप फेकली होती मी. लुगर मी फोटोतच पाहिलं. तुमच्यासमोर काहीतरी वजनदार बोला लागते न जी."

कृष्णकांतांनी बशी खाली ठेवली. म्हणजे नसलेल्या पिस्तुलासाठी आपण हे केलं. पोलीस येतील, घर उपसतील, हाती काहीच लागणार नाही. पण माणसाचं नाव जायचं ते जाईलच. आता सांगायलाच हवं होतं. मैत्री तुटली तर तुटली.

"देवराव, माझ्या हातून फार वाईट घडलंय. मी पोलिसांना..."

"पोलिसांना काय?" देवराव एकदम ताठ बसले.

तेवढ्यात कृष्णकांतांच्या खिशातला फोन वाजला. तारा होती.

"अहो, लवकर या," ती घाईघाईनं म्हणाली. "पोलीस आलेत घरी. चार जण आहेत. कुठल्या तरी पत्राचं विचारताहेत."

अक्षर ओळखलं, कृष्णकांतांच्या मनात आलं. ग्रंथालयाच्या हजारो कार्डांवर तेच अक्षर होतं. घाबरण्याऐवजी त्यांना सुटल्यासारखं वाटलं. नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी पूर्ण श्वास घेतला.

"थांबायला सांग त्यांना," ते म्हणाले. "मी येतो आणि सगळं कबूल करतो."

"काय कबूल करता?" तारा रडायलाच लागली. "आपल्या घरात रायफल आहे असं कोणीतरी कळवलंय त्यांना. तुमच्या पुस्तकांची कपाटं उपसून राहिलेत. अहो, खरंच आहे का कुठे?"

कृष्णकांतांनी फोन कानाशी तसाच धरून वर पाहिलं. फोनवर कोण आहे, काय झालंय, हे त्यांनी अजून कोणाला सांगितलं नव्हतं. समोर देवराव मान खाली घालून फरशीकडे बघत होते.

"सापडली काय जी?" त्यांनी विचारलं.