दोन शब्दांचं काम

"ही तुमची कोण?" परवाना कचेरीतल्या साहेबाने विचारलं.

म्हातारी त्सवेताना काठीवर दोन्ही हात ठेवून नुसती बघत बसली. तिच्या एका बाजूला तिची लेक रादोस्तिना, दुसऱ्या बाजूला एतेरी. प्रश्न एतेरीबद्दल होता आणि उत्तर ठरलेलं होतं: कोणी नाही.

तेवढं उत्तर मिळालं की एतेरीला बल्गेरियातल्या रूसे शहरात राहायचा परवाना मिळणार होता. म्हाताऱ्या माणसाला सांभाळणारी परदेशी बाई, पगारी, नात्यातली नाही. कायद्यातली ही एवढी फट वकिलाने शोधून काढली होती, बाकी सगळ्या वाटा बंद. एतेरी जॉर्जियाची. रादोस्तिनाशी तिचं लग्न डेन्मार्कमध्ये झालं होतं, अगदी रीतसर, सह्या, अंगठ्या, फोटो. पण दोन बायकांचं लग्न बल्गेरियात धरतच नाहीत. तिथे बायको, इथे पाहुणी. पाहुणीने तीन महिने राहायचं आणि तीन महिने तोंड दाखवायचं नाही.

सहा वर्षं हेच चाललं होतं. दर वेळी इस्तंबूलच्या बसमध्ये चढताना एतेरी ठरवायची, रडायचं नाही. जॉर्जियात कुतायसीला भावाच्या घरी पोचली की फोनवर विचारायची, "आज काय जेवलीस?" रादोस्तिना म्हणायची, "काही नाही गं. भूकच नव्हती." मग दोघी नुसत्या फोन धरून बसायच्या. एतेरीला फार काही नको होतं. आपल्या चपला त्या दारात बाराही महिने पडलेल्या असाव्यात, बस्स.

"आईला काही पढवायला नको," रादोस्तिना सकाळी हसत म्हणाली होती. "तिचं तर ते रोजचंच वाक्य आहे."

ते खरंच होतं. आपली पोरगी एका बाईबरोबर संसार करते, हे म्हातारीच्या कधी पचनी पडलं नव्हतं. हिवाळ्याच्या बेगमीसाठी अंगणात बायका लाल ढोबळ्या मिरच्या भाजायला बसल्या की शेजारची पेंका मुद्दाम विचारायची, "ही कोण गं?" म्हातारी फटकन सांगायची, "कोणी नाही. खोलीत राहते." एतेरी मान खाली घालून गरम मिरच्या सोलत राहायची. बोटं पोळायचीच, पण त्याचं काही नाही. जीव पोळायचा. पडून पाय मोडल्यापासून म्हातारीला न्हाऊ घालणं, कूस बदलणं, सगळं एतेरी करायची, तरी शब्द तेच. या बाईने आपल्याला एकदा, फक्त एकदा आपलं म्हणावं, यासाठी ती किती झुरली ते तिचं तिलाच ठाऊक.

आज मात्र नेमके तेच शब्द हवे होते आणि आजच म्हातारीचं तोंड उघडेना.

"आई, सांग ना!" रादोस्तिना दबक्या आवाजात म्हणाली.

"दोन शब्दांचं काम आहे, आजी," साहेब म्हणाला. माणूस भला होता. "कोणी नाही म्हणा, मी सही करतो. तुम्हीही मोकळ्या, मीही जेवायला मोकळा."

"खरं सांगायचं ना?"

"म्हणजे काय! खोटं सांगितलं तर गुन्हा आहे."

म्हातारीने मान वळवून एतेरीकडे पाहिलं. सकाळी तिचे मोजे एतेरीनेच चढवले होते, डोक्याचा रुमालही तिनेच बांधला होता.

"मग कोणी नाही कसं म्हणू?" म्हातारी म्हणाली. "पेंकाचं वेगळं. ती मेली भोचक, तिला काहीही ठोकून द्यावं. तू सरकारचा माणूस." तिने दम घेतला. "ही गेली की माझी पोरगी जेवत नाही. ही आली की घराला घरपण येतं. रात्री मला तहान लागली तर हाक मारायच्या आत ही उठते. आणि म्हणे कोणी नाही! माझी सून आहे ही."

रादोस्तिनाने डोळे मिटून घेतले. एतेरीला क्षणभर काही कळेचना, काय गेलं आणि काय हाती आलं.

साहेबाने दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "सुनेसारखी, असंच ना आजी? सुनेसारखी म्हणालात तर चालतंय मला."

"सारखीबिरखी काय रे? बहिरा आहेस का? सून!"

साहेबाने पेनाला टोपण लावलं. कागद गोळा करून रादोस्तिनापुढे सरकवले.

"नात्यातल्या माणसाला हा परवाना देता येत नाही," तो म्हणाला. "आणि या नात्यासाठी आपल्याकडे परवानाच नाही. माफ करा."

बाहेर व्हरांड्यात रादोस्तिना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. शनिवारी एतेरीची मुदत संपत होती. बाकावर बसवलेली म्हातारी कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत होती. काय झालं ते आता कुठे तिच्या ध्यानात येत होतं.

"चुकलं का गं माझं?" तिने विचारलं. "परत जाऊन सांगू का त्याला? इतकी वर्षं म्हणत आले, पण आज जीभच वळेना मेली."

एतेरी तिच्यासमोर जमिनीवरच बसली. म्हातारीचे खरखरीत हात तिने घट्ट धरले. शनिवारची बस तिला दिसत होती, त्यापुढचे तीन महिने दिसत होते, आणि डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबत नव्हतं.

"त्याला काही सांगू नका, काकू," ती म्हणाली. "मला परत एकदा सून म्हणा."