रंगुबाईची म्हैस

मनवाने संगमनेरजवळच्या एका गावच्या दूध डेअरीची वेबसाइट बनवली. कोडमध्ये प्रत्येक शेतकऱ्यासाठी वेगळा ऑब्जेक्ट कोण तयार करत बसणार, म्हणून पठ्ठीने सगळ्या मेथड स्टॅटिक करून टाकल्या, आणि सोबत ज्यावर दुधाचा भाव ठरतो तो फॅटचा आकडाही. आता स्टॅटिक म्हणजे सगळ्यांत मिळून एकच! त्यामुळे ज्याचं दूध शेवटी मोजलं जाई, त्याचाच आकडा अख्ख्या गावाच्या मोबाईलवर झळकू लागला.

महिन्याभराने चूक तिच्या ध्यानात आली. गाव आता आपल्याला सोलून काढणार, असं म्हणत ती सकाळीच लॅपटॉप घेऊन डेअरीवर पोचली.

"हनुमंतकाका, माझं चुकलंय. दहा मिनिटांत दुरुस्त करते," रांगेत पहिल्याच उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ती म्हणाली.

"खबरदार हात लावशील तर!" काका डाफरले. "गावात दाट दूध एकट्या रंगुबाईच्या म्हशीचं. म्हणून तिला आमी रोज रांगेत शेवटी उभं करतो."

मग त्यांनी काखेतलं गाठोडं सावरलं.



"सरक बाजूला. आज तिच्या म्हशीला पेंड चारायची पाळी माझी हाय."