मूळ हृदय

रविवारी दुपारी धोंडूतात्या वारले. तरी सोमवारी सकाळी ते छाती दाबून दवाखान्याच्या दारात उभे होते आणि दार उघडत नव्हतं.

"मृत रुग्णास प्रवेश नाही," दारातलं यंत्र म्हणालं.

"तात्या, नाडी मोजायचा पट्टा कुठाय तुमचा?" सून कुंदानं विचारलं.

"बोकडाच्या पायात. रोज एवढं चालायचं कुणी? तो हिंडायचा, दवाखान्याची शाबासकी मला यायची."

"अहो, काल त्याचाच रस्सा केला की आपण!"

तात्या घामानं निथळत पायरीवर बसले. कुंदानं दार बडवलं. "जिवंत आहेत हो! बघा तरी!"

यंत्राने नम्रपणे कळवले, "मृत्युनोंद रद्द करण्यासाठी मयताने आमच्याकडे नोंद असलेले मूळ हृदय चालू स्थितीत सादर करावे, ही विनंती."