जहाजाचा रंग

शेवटच्या पायऱ्या चढून यास्ना वर आली आणि जागीच थबकली. कडेवरच्या लेकीला, अंपारोला, तिनं घट्ट धरलं. सकाळी दवाखान्यात जाताना समोरचं घर निळंशार होतं. आता अर्धाअधिक पन्हाळी पत्रा उघडा पडला होता, राखाडी, ओरबाडलेला. शिडीवर तिचा नवरा रामिरो पत्रा घासायचा ग्राइंडर घेऊन उभा. अंगण, कुंड्या, वाळत घातलेली तान्ह्या बाळाची दुपटी, सगळ्यावर निळी भुकटी.

"आलीस एवढ्यात? श्शी! पूर्ण झाल्यावर दाखवणार होतो," तो वरून म्हणाला.

शिडीखाली त्याचे वडील होते. त्यांना अख्खी टेकडी ताता, म्हणजे आजोबाच, म्हणायची. हातात तारेचा ब्रश, भुवया निळ्या, तोंडभर हसू. "पोरी, ह्याला आज मीच सुट्टी घ्यायला लावली. अठरा तारखेच्या आत घर नवंकोरं करून देतो की नाही, बघच तू."

सप्टेंबर लागला की वाल्पाराइसो बंदराच्या ह्या टेकडीवर हेच वेड. अठराला देशाच्या स्वातंत्र्याचा सण. त्या दिवशी दारावर झेंडा लागणार आणि फिक्या पडलेल्या घरावर झेंडा लावणाऱ्याला लोक वर्षभर नावं ठेवणार. मग काय, घरोघरी खरवडाखरवड आणि वर नवा रंग. ताता गोदीत कामाला होते तेव्हा जहाजांचा उरलासुरला रंग डबेच्या डबे आणून घराला लावायचे. फुकटचा, दणकट, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यालाही न जुमानणारा. त्यात शिसं होतं, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. आता ते शिसं दोन वर्षांच्या अंपारोच्या रक्तात सापडलं होतं.

आज ते आणखी वाढलेलं निघालं होतं. रंग कोरडा घासू नका, खरवडू तर मुळीच नका, उडालेली धूळच पोरांच्या पोटात जाते, असं नर्सबाईनं बजावून सांगितलं होतं. पुन्हा वाढलं तर पोरीला ॲडमिट करावं लागेल, हेही.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?" यास्नानं विचारलं.

"तूच की!" रामिरो शिडी उतरत म्हणाला. "महिनाभर डोकं खातेयस, रंग काढायला हवा, रंग काढायला हवा. काढला."

"असा काढतात? अरे, असा?"

"मग कसा काढतात? फुंकर मारून?"

त्याच्या एक थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं, पण हात मोकळा नव्हता. अंपारो खाली उतरायला पाय झाडत होती आणि तिला ठेवायला ह्या एवढ्या अंगणात वीतभर जागा नव्हती.

"बाळ कुठाय?"

"झोपलंय की शहाण्यासारखं. एवढ्या आवाजात!" ताता कौतुकानं म्हणाले. "आत कोंदट वाटत होतं, म्हणून खिडकी उघडून ठेवली मी."

यास्ना आत धावली. पाळण्यावर, पांघरुणावर, बाळाच्या मिटलेल्या पापण्यांवर बारीक निळी पूड बसली होती. तिनं बाळाला उचलून खांद्यावर टाकलं आणि दोन्ही पोरं घेऊन बाहेर आली.

"अगं, एवढं काय!" ताता म्हणाले. "आम्ही ह्याच रंगात पोरं वाढवली. हा बघ, घोड्यासारखा वाढलाय."

"दिसतंय मला किती वाढलाय ते."

ताता हसले. ब्रश खाली टाकून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "दे इकडे एकाला. दमलीस तू."

"हात लावू नका!"

आवाज गल्लीभर गेला. तातांचे हात तसेच हवेत राहिले. त्यांच्यावर ह्या घरात आजवर कुणी ओरडलं नव्हतं. पण यास्ना मागे हटली नाही. "विष आहे ते, ताता. तुमच्या अंगावर आहे, हातावर आहे. तुम्ही माझ्या पोरांना विष चारताय."

तातांनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले. मग शर्टाची बटणं काढली, शर्ट खाली टाकला.

"आता?"

"पँट."

"चारचौघांत?"

"चारचौघांत."

पँटही गेली. नुसत्या चड्डीवर, वाऱ्यात कुडकुडत, ते पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि रामिरोला म्हणाले, "पाइप आण रे. बघतोस काय माझ्याकडे!"

रामिरोनं मुकाट्यानं पाइप धरला. गार पाण्यानं ताता शहारले. डोकं चोळलं, भुवया चोळल्या, नखं घासली. "आता घेऊ?" त्यांनी विचारलं. त्यांचे ओठ थरथरत होते.

"कानामागे राहिलंय," यास्ना म्हणाली. तिचा आवाज जरा उतरला होता. ताता निमूटपणे कानामागे चोळायला लागले.

त्यांच्या अंगावरून पाणी पायरीवर पडत होतं. पायरीवरून खालच्या पायरीवर, तिथून त्याच्या खालच्या. यास्नाची नजर त्याच्यामागे गेली. खालच्या वळणावर शेजारणीची दोन पोरं उकिडवी बसली होती. त्यांनी मातीचा बांध घालून ते पाणी अडवलं होतं आणि त्यात भराभर हात बुचकळत होती.

"ए! सोडा ते! उठा तिथून!" यास्ना जिवाच्या आकांतानं ओरडली.

पोरांनी वर पाहिलं. हसून त्यांनी तिला हात हलवले, मनगटापर्यंत निळे.